वादळ अरबी समुद्रातलं, पत्रे नाशिकचे

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा आम्ही नाशिकमध्ये टीव्हीसमोर बसून कोकणातल्या नारळी-पोफळी आडव्या होताना बघत होतो. लॉकडाऊनचे दिवस, बाहेर जायचं नव्हतंच. आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आपल्याकडे कसलं येतंय, मध्ये सह्याद्री उभा आहे की." मलाही ते पटलं. मेणबत्त्या, बिस्किटं आणि चार्ज केलेला मोबाईल, एवढ्यावर माझी तयारी संपली. गच्चीवर मात्र मी गेलो नाही. रात्री कधीतरी पाणी जिन्याच्या पायऱ्या उतरत आमच्या दाराशी आलं. गच्चीवरच्या पावसाळी पाइपाच्या तोंडावर कुणीतरी वाळत घातलेलं पायपुसणं जाऊन बसलं होतं आणि कठड्याच्या आतली सगळी गच्ची हौद झाली होती.

तेव्हापासून माझी तयारी वरून खाली चालते. आधी गच्ची, मग खिडक्या, मग वीज-पाणी आणि शेवटी बिस्किटं. हा लेखही त्याच क्रमाने आहे.

नाशिकपर्यंत काय पोहोचतं

चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्राच्या कोमट पाण्याची वाफ. जमिनीवर आलं की ती तुटते, खालून डोंगर-झाडांचं घर्षण लागतं आणि वाऱ्याचा जोर उतरतो. म्हणून किनाऱ्यावर ताशी शंभरच्या पुढे असलेला वारा आपल्याकडे तसाच येत नाही. पण 'वादळ क्षीण झालं' ही बातमी वाऱ्याबद्दल असते, पावसाबद्दल नाही. निसर्ग त्याच संध्याकाळी पुणे जिल्ह्यावरून उत्तर महाराष्ट्राकडे सरकलं ते भरपूर ओलावा घेऊनच. मे २०२१ मधलं तौक्ते तर महाराष्ट्रात जमिनीवर आलंच नाही, ते समुद्रातूनच वर जाऊन १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्याला लागलं, तरी त्याचा पाऊस इथवर आलाच.

आणखी एक हिशेब डोक्यात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात नुसता खडखडणारा पत्रा ६० च्या वाऱ्यात चौपट ताकदीने उचलला जातो. आपल्या शहरातल्या गच्च्यांवर पत्र्याच्या शेड किती आहेत ते एकदा सोसायटीच्या टाकीवरून बघा, म्हणजे धोका कुठून आहे ते समजेल.

अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम असतात, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. फयान आलं होतं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. पाऊस संपला म्हणून दसऱ्यानंतर ताडपत्री माळ्यावर टाकण्याची घाई करू नका.

इशारा वाचायचा कसा

हवामान खातं चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतं. साधारण ७२ तास, ४८ तास आणि २४ तास आधीचे पहिले तीन मुख्यतः किनाऱ्यासाठी असतात. चौथा, वादळ किनाऱ्यावर येण्याच्या निदान १२ तास आधी निघणारा, तो आपल्या कामाचा. जमिनीवर आल्यावर वादळ कुठल्या बाजूने जाईल आणि आतल्या कुठल्या जिल्ह्यांना झोडपेल हे त्यात असतं. बातम्यांमध्ये तो मागे पडतो, कारण तेव्हा सगळे कॅमेरे समुद्राकडे लागलेले असतात. नकाशातल्या वादळाच्या रेषेवर बोट ठेवून "हे तर नगरवरून चाललंय" असं म्हणू नका. रेषेभोवती जो रुंद पट्टा दाखवलेला असतो, त्यात आपण आहोत का एवढंच बघा.

जिल्ह्यासाठी रंग येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. माझ्या मते नाशिककराने नारिंगीलाच हालचाल करावी. लाल रंग येईपर्यंत शिडीवर चढण्याजोगा वारा राहिलेला नसतो.

हवामान खात्याचं 'मौसम', राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' आणि विजांसाठी 'दामिनी' ही ॲप आधीच घेऊन ठेवा. फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या "उद्या नाशिकवर ताशी दोनशेचं वादळ" या छापाच्या निरोपांना उत्तर देण्यात वेळ घालवू नका, तेवढ्यात गच्ची आवरून होते.

आदला दिवस, सकाळ : गच्ची

पहिलं काम पावसाळी पाइपांची तोंडं. प्रत्येक तोंडावरची जाळी उचला, आत हात घालून पालापाचोळा, कबुतरांची पिसं, माती काढा आणि बादलीभर पाणी ओतून ते खाली गटारात पडतंय का ते एकाला खाली उभं करून बघा. वर भरभर गेलं म्हणजे खाली निघालं असं नसतं. पाइप मध्येच तुंबलेला असला तर पाणी एखाद्या मधल्या मजल्याच्या बाल्कनीत उगवतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर चार इंच पाणी साचलं तर त्याचं वजन साडेनऊ टनांच्या घरात जातं. जुन्या स्लॅबवर रात्रभर एवढं ओझं नको.

दुसरं काम, सुटं सामान. खुर्च्या, कुंड्या, मोडका कूलर, नळाचे तुकडे, मुलांची सायकल, पापड-कुरडया वाळवायची बाज, उरलेल्या फरशा. "हे जड आहे, हे कुठे उडतंय" असं ज्या वस्तूबद्दल वाटेल तीही खाली आणा. खुर्ची उडून खालच्या स्कूटरवर पडली तर स्कूटरचंच नुकसान होतं, माणूस असला तर काय ते सांगायला नको. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडा. डिश अँटेनाचे बोल्ट आवळा. सिग्नल जाईल म्हणून हळहळू नका, तो तसाही जाणार आहे.

पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरून ठेवा. भरलेली हजार लिटरची टाकी टनभर वजनाची होते आणि जागची हलत नाही. रिकामी प्लास्टिकची टाकी वाऱ्याने गडगडत जाऊन पाइप तोडते. झाकणं नायलॉनच्या दोरीने बांधा. टाकीवरचा दगड पुरत नाही, झाकण उडालं की दगड आत पडतो. सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्यांना वाऱ्यापेक्षा उडून येणाऱ्या वस्तूंचाच धोका जास्त, म्हणून शेजारच्या गच्चीवरही नजर टाका आणि तिथल्या वहिनींना गोडीत सांगा.

तिसरं काम, पत्रे. पत्रा वरून दाबल्याने जात नाही. वारा त्याच्यावरून वेगाने जाताना तो वर खेचला जातो आणि सुरुवात कडेपासून होते. कडेचे हूक आणि नटबोल्ट तपासा, गंजलेले बदला, रबरी वायसर चिरलेले असतील तर नवे घाला. विटा किंवा दगड ठेवून पत्रा राहील असं समजणारे बरेच आहेत. पत्रा उडतो आणि त्याच विटा खाली डोक्यात पडतात. पोती बांधायची तर वाळूची, दोन पोती दोरीने जोडून पत्र्याच्या दोन्ही अंगांना लोंबतील अशी टाका. हे काम फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. इशारा आल्यावर तो मिळत नाही, म्हणून खरं तर हे एप्रिलमध्येच उरकायचं असतं.

मळ्यात राहत असाल तर कांदाचाळ हीच तुमची गच्ची. एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा जूनच्या वादळात बाजूने येणाऱ्या झडीने भिजतो, वरून नाही. ताडपत्री छपरावर घालून भागत नाही, ती बाजूंनी सोडून खाली बांधावी लागते, आणि वारा थांबला की लगेच वर करावी लागते. नाहीतर कोंडलेल्या दमटपणात कांदा सडतो. जनावरं पत्र्याच्या गोठ्यात बांधून ठेवू नका, मोठ्या झाडाखालीही नको. दावणीची गाठ पटकन सुटेल अशी मारा.

झाडांबद्दल थोडं. गुलमोहर आणि सुबाभूळ यांच्या फांद्या वाऱ्यात आधी मोडतात, वड आणि कडुनिंब तग धरतात. पण आदल्या दिवशी कुऱ्हाड घेऊन निघू नका. शहरात झाड तोडायला, मोठी छाटणी करायलाही महापालिकेची परवानगी लागते. वाळलेल्या, तारांवर टेकलेल्या फांद्यांची तक्रार मे महिन्यातच उद्यान विभागाकडे करा. आदल्या दिवशी आपल्या हातात एवढंच, की गाडी झाडाखालून, होर्डिंगखालून आणि कंपाउंडच्या भिंतीलगतून हलवायची.

आदला दिवस, दुपार : खिडक्या

इथे वादळ आपल्याला फसवतं. नाशिकचा पावसाळा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. छज्जे, ताडपत्र्या, प्लास्टिकचे पडदे सगळे त्याच बाजूला. चक्रीवादळाचा वारा मात्र केंद्राभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. वादळ नैऋत्येकडून आपल्याकडे सरकत असेल तर सुरुवातीचा वारा पूर्वेचा, आग्नेयेचा असतो आणि केंद्र पुढे गेलं की तो उत्तरेकडून, वायव्येकडून येऊ लागतो. ज्या खिडकीने बारा वर्षांत थेंब आत घेतला नव्हता, तीच त्या रात्री गळते. म्हणून चारही बाजूंच्या खिडक्या बघा, आणि बेड, कपाट, टीव्ही पूर्वेच्या खिडकीला चिकटलेला असेल तर दोन फूट आत ओढा.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजलेली असतात आणि मग पट्टी भरून पाणी घरात सांडतं. जुना टूथब्रश आणि टाचणी घेऊन ती मोकळी करायला खिडकीमागे पाच मिनिटं लागतात. या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हेच.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याचा उपयोग नाही. काच त्याने मजबूत होत नाही, फुटल्यावर फक्त मोठे तुकडे एकत्र पडतात. काचेसमोरचा जाड पडदा ओढून घ्या आणि त्या खोलीत झोपू नका. "दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवावी" हे कुठेतरी वाचलेलं असेल तर विसरा. वारा आत शिरला की तो छपराला आतून वर ढकलतो.

वीज

महावितरण वादळात काही भागांचा पुरवठा स्वतःहून बंद करतं, कारण तुटलेली तार जिवंत असण्यापेक्षा अंधार बरा. वीज किती वेळ जाईल याचा अंदाज बांधण्यापेक्षा दोन रात्रींची सोय धरा.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा हिशेब मांडा. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात, हाताला बाराशे लागले तरी खूप. एक पंखा ७५ वॅट, दोन एलईडी २० आणि राउटर १० धरला तर अकरा-बारा तास निघतात. तीन पंखे आणि टीव्ही लावलात तर मध्यरात्रीपूर्वीच संपेल. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर आदल्या दिवशी बघा. फक्त एक पंखा लावून सगळे एकाच खोलीत झोपा, मुलांना तेवढीच मजा.

आता महत्त्वाचं. घरात किंवा पार्किंगमध्ये पाणी शिरू लागलं तर मेन स्विच पाडतो आपण, पण इन्व्हर्टर चालू असतो आणि घरातल्या निम्म्या वायरी जिवंतच असतात. इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून वेगळा बंद करा. पायाखाली ओल असेल तर बोर्डाला हातच लावू नका.

लिफ्ट संध्याकाळीच वरच्या एखाद्या मजल्यावर नेऊन बंद करा, तळमजल्यावर नको, खड्ड्यात पाणी भरतं. जनरेटर पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि झोपेतच माणूस जातो. मेणबत्त्यांपेक्षा टॉर्च बरा, वाऱ्यात पडदा पेटायला वेळ लागत नाही.

पाणी, जेवण, औषधं

शहराला पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून पंपांनी येतं. पंपांची वीज गेली की नळ कोरडा, धरणात कितीही पाणी असो. सोसायटीत तर खालच्या टाकीतून वर चढवायलाही वीज लागते. माणशी रोज चार लिटर पिण्याचं या हिशेबाने तीन दिवसांचं हंडे-कळशांत भरा, वापरायला बादल्या आणि पिंप वेगळे. पुढचे दोन-चार दिवस नळाला गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवून गाळ बसवा, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. नंतर उकळा, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला.

गॅस आहे तोवर स्वयंपाकाची चिंता नाही, पण दुपारीच दोन वेळचं करून ठेवा. दशम्या, दाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, केळी. फ्रीज वारंवार उघडू नका. बंद फ्रीज चारेक तास थंडी धरतो. वादळाच्या ऐन जोरात गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवा.

घरात मधुमेही असेल तर वापरातलं इन्सुलिन बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाला महिनाभर चालतं, डब्यावर लिहिलेलं वाचा. न उघडलेल्या कुप्या फ्रीज बंद पडल्यावर झाकणाच्या डबीत घालून पाणी भरलेल्या माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्याच्या हव्यात. ऑक्सिजन मशीनवर असलेला माणूस घरी असेल तर वीज जायची वाट बघू नका, आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोलून सिलिंडरची किंवा दवाखान्यात हलवायची सोय लावा.

आधार, सातबारा, विम्याची पॉलिसी, पासबुक झिपच्या पिशवीत. थोडी रोकड हवीच, वीज नसली की पेट्रोल पंपावरचा क्यूआर कोड शोभेचा.

घरात थांबायचं कुणी, निघायचं कुणी

पक्क्या बांधकामातल्या, नदीपासून लांबच्या घराने थांबावं. तिघांनी थांबू नये.

पहिले, जुन्या नाशकातल्या वाड्यांत राहणारे. मातीच्या भिंती पावसात फुगतात आणि पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावरही कोसळतात. भिंतीला पोट आलेलं असेल, दाराची चौकट अडकू लागली असेल तर दोन दिवस बहिणीकडे, मामांकडे जा. आजी "माझा जन्म गेला या वाड्यात" म्हणतील. त्यांना नातवाच्या नावाने न्या.

दुसरे, पत्र्याच्या घरातले. तिसरे, पाण्याच्या काठचे. इथे महिना बघावा लागतो. मे-जूनमध्ये गंगापूर धरण खाली असतं, त्यामुळे विसर्गाची भीती कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असलं आणि वरून वादळी पाऊस आला तर विसर्ग वाढतो. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. आकडा कळला नाही तरी गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती सगळ्यांना कळतो. पाणी त्याच्या छातीला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. २००८ चा सप्टेंबर आणि २०१९ चा ऑगस्ट त्यांना विसरता येत नाही. खाली निफाडकडे सायखेडा, चांदोरीला पाणी उशिरा पोहोचतं, तेवढाच त्यांना हलायला वेळ.

नासर्डी, वाघाडी या शहरातल्या छोट्या नद्या मात्र धरणाची वाट बघत नाहीत. शहरातच तासभर कोसळला की त्या भरतात. त्यांच्या काठची माणसं अंधार पडायच्या आत निघालेली बरी.

वादळाच्या तासांत

मधल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर बसा. गाद्या जमिनीवर टाका. चप्पल प्रत्येकाच्या उशाशी, कारण अंधारात काच फुटली तर पहिला पाय त्यावरच पडतो. मोबाईल एकानेच वापरायचा, बाकीचे बंद. टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच असतात. फोन लागत नसेल तर एसएमएस करा, तो अडकत-अडकत का होईना जातो.

मध्येच वारा पडला तर गच्चीवर बघायला धावू नका. तो बऱ्याचदा दिशा बदलून परत येतो. पाणी गळायला लागलं तर बादली लावा, दुरुस्ती उद्या. पत्रा सुटून धडधडत असेल तर धडधडू द्या. रात्री पत्रा धरायला गेलेल्या माणसापेक्षा पत्रा स्वस्त आहे.

११२ पोलीस आणि कुठलीही तातडी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९१२ महावितरण. हे कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. मोबाईल बंद पडल्यावर शेजाऱ्याच्या फोनवरून लावायला नंबर पाठ कुणाला असतात?

सकाळ झाल्यावर

रस्त्यावर तार पडलेली दिसली तर निदान दहा मीटर लांब राहा, शेजारचं डबकंही तारेसारखंच समजा. चुकून जवळ गेलात तर लांब ढांगा टाकू नका, पाय एकमेकांना लावून, जमिनीवरून न उचलता, घसटत मागे या. दोन पायांतलं अंतर वाढलं की शरीरातून वीज जाते. तार गाडीवर पडली असेल तर आतच बसून १९१२ ला आणि ११२ ला कळवा.

वीज आली की फ्रीज, पंप, एसी लगेच चालू करू नका. पहिली पंधरा-वीस मिनिटं दिवा नुसता बारीक-मोठा होतोय का ते बघा. भिजलेलं कुठलंही यंत्र वायरमनला दाखवल्याशिवाय लावू नका.

आवरायच्या आधी फोटो काढा. झाडू मारून झाल्यावर काढलेल्या फोटोत नुकसान दिसत नाही. घराचं, गोठ्याचं नुकसान असेल तर तलाठ्यांना कळवून पंचनामा होईपर्यंत पडकी भिंत तशीच ठेवा, धोका नसेल तर. पीक विमा असेल तर नुकसान कळवायचा सध्याचा नियम विचारून घ्या, २०२५ च्या आधी ते ७२ तासांच्या आत कळवावं लागत असे. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला की महसूल खात्याच्या भाषेत ती अतिवृष्टी, म्हणून आपल्या मंडळाचा आकडा विचारून घ्या.

गच्चीवरची टाकी उपसून, घासून पुन्हा भरा. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा, घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाची सुरुवात साध्या तापासारखीच असते. आठवड्याने पुन्हा एकदा वर जा. घडी न घालता टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी असतं आणि त्यात एव्हाना डेंग्यूच्या डासांच्या अळ्या वळवळत असतात. ताडपत्री उलटी करून उन्हात वाळवा, मगच माळ्यावर टाका.